मिरागुल्ल्याचे गजभिये

मे महिन्यात, दुपारी दीड वाजता, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली निजलेली असतात तेव्हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सत्तरीचे एक गृहस्थ काळी छत्री उघडून आणि मोबाईल कानाला लावून येरझाऱ्या घालतात. मोठ्यांदा विचारतात, "पोस्ट आलं का? आता डावीकडं वळ." जरा थांबतात, मीटरच्या खोलीपाशी स्वतःही डावीकडे वळतात आणि पुन्हा विचारतात, "तुरुंग गेला का मागं?"

आमच्या सोसायटीत पोस्ट नाही. तुरुंगही नाही, निदान कागदोपत्री.

हे गजभिये. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पस्तीस वर्षं तपासनीस होते. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायची, ही सवय त्यांना तिथली. लग्नाची पत्रिका दिली तरी मागची कोरी बाजू निरखून मगच पुढची वाचतात. "तपासून घेतलंय मी" हे त्यांचं पालुपद. आज पाणी येणार नाही, तपासून घेतलंय मी. ही केळी उद्या दुपारी पिकतील, तपासून घेतलंय मी. आणि खरं सांगायचं तर केळी दुसऱ्या दिवशी दुपारीच पिकतात, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं, म्हणून झाले. त्याआधी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती, दुपारची झोप. माझी खिडकी नेमकी पार्किंगवर. तेव्हा मी फळ्यावर सूचना लावली: "दुपारी एक ते चार पार्किंगमध्ये फोनवर बोलू नये. बोलायचेच असल्यास हळू बोलावे. हळू बोलता येत नसल्यास शिकून घ्यावे."

दुसऱ्या दिवशी दाराखालून अर्ज आला. "विषय: दुपारी दीड ते एक पन्नास या वेळात पार्किंगमध्ये चालण्याची व बोलण्याची परवानगी मिळणेबाबत." खाली कारण: "अर्जदाराची मुलगी सदर वेळात कामावरून घरी चालत जात असते. अर्जदाराच्या घरात रेंज नाही. तपासून घेतले आहे."

मी त्यांना बोलावून घेतलं. म्हटलं, "अहो गजभिये, मुलगी कुठे राहते तुमची? दापोडीत? तिला रोजचा रस्ता अजून पाठ झाला नाही?"

"मिरागुल्ल्याला राहते," ते म्हणाले.

मला वाटलं, गोंदियाच्या पलीकडचं काहीतरी असेल. गजभिये मूळचे भंडाऱ्याकडचे, तरुणपणी नोकरीसाठी खडकीला आले ते इथलेच झाले. बोलण्यात मात्र तिकडचं होकाराचं 'हाव' अजून शिल्लक आहे.

"ऑस्ट्रेलियात आहे ते," त्यांनी पुढे सांगितलं. हडपसरला आहे म्हणावं, इतक्या सहज.

मग सगळं कळलं. मुलगी प्रज्ञा नर्स. आई गेली त्याच्या पुढच्याच वर्षी ती परदेशी गेली, आणि नोकरी मिळाली ती या आडगावातल्या वृद्धाश्रमात. संध्याकाळी सहाला सुटते. आपल्याकडे तेव्हा दीड. घरापर्यंत वीस मिनिटं चालायचं. गाडी चालवायला ती घाबरते, कारण संध्याकाळी रस्त्यात कांगारू आडवे येतात. आणि मे ते ऑगस्ट तिकडे हिवाळा, म्हणजे सहाला मिट्ट काळोख.

"ती घरात शिरून कडी लावीपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, ताई," ते म्हणाले. "ती चालते तोवर मी चालतो. मी बसून बोललो तर तिला कळतं."

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. त्यामुळे कुणाचा जीव खाली-वर होत असेल, हे काही पाठ्यपुस्तकात नव्हतं. मी परवानगी दिली. लेखी दिली. "आवाज मर्यादित ठेवावा" ही अट घातली, ती त्यांनी एक दिवसही पाळली नाही.

पण माझ्या मनात एक किडा वळवळायला लागला तो लागलाच. तीस वर्षं मी मुलांकडून ऑस्ट्रेलियाच्या नद्या पाठ करून घेतल्या, मेंढ्या मोजायच्या तेवढ्या राहिल्या, आणि मिरागुल्ला हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मी माझा जुना अ‍ॅटलास काढला, भिंग घेतलं, दोन दुपारी घालवल्या. नाहीच. गजभियांना जिन्यात गाठून सांगितलं, "अ‍ॅटलासमध्ये असं गावच नाही."

"आमचं भंडाऱ्याकडचं गाव आहे का त्यात?"

मी नाही म्हटलं.

"मग मी जन्मलो नाही का?" असं म्हणून ते भाजी घेऊन वर गेले.

त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले म्हणा. या माणसाने मिरागुल्ला पाहिलेलं नाही. विमानात पाय ठेवलेला नाही. पण त्या गावाचं एक वार्तापत्र दर महिन्याला इंटरनेटवर येतं, ते गजभिये शब्दकोश मांडीवर घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मुलगी रोज ज्या रस्त्याने जाते त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे, काय होतं आणि का पडलं, हे सगळं त्यांना ठाऊक आहे.

गावाचा इतिहास सांगायची त्यांची एक ठरलेली पद्धत आहे. "गोरे आले त्याच्या आधीपासून तिथं माणसं राहत होती. नदीच्या डोहांपाशी. हे आधी सांगायचं, मग बाकीचं." मध्येच कुणी घाईने "मग सोनं कधी सापडलं?" विचारलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. गावाचं नावही त्या जुन्या लोकांचंच. अर्थ नक्की काय, हे आता तिथे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, याचं गजभियांना वाईट वाटतं. मग मेंढपाळ आले. मग सोनं सापडलं. "सगळे धावत आले. सोनं संपलं. सगळे धावत गेले. ज्यांना धावता आलं नाही, त्यांचं हे गाव." मग रेल्वे आली आणि पुढे रूळही उखडून नेले. हे सांगताना ते खडकी स्टेशनाच्या दिशेने बघतात आणि म्हणतात, "आपल्याकडं अजून थांबते गाडी. लोकांना किंमत नाही."

प्रेक्षणीय स्थळं विचाराल तर पुष्कळ आहेत. झोपलेल्या मेंढीसारखा दिसणारा एक मोठा खडक आहे, पण तो एकाच बाजूने मेंढीसारखा दिसतो. दोन कोठड्यांचा जुना तुरुंग आहे. एक हॉटेल आहे, ज्यात कोणी राहत नाही, फक्त पितात. लाकडी फरशीचं एक सभागृह आहे, तिथे पूर्वी नाच व्हायचे आणि आता लसीकरण होतं. वर्षातून एकदा जत्रा भरते, तिच्यात भोपळ्यांची आणि केकची स्पर्धा असते. केकच्या स्पर्धेत दर वर्षी दोनच केक येतात, आणि दुसरा नंबर देण्यावरून दर वर्षी भांडण होतं. हे ऐकून मला ते गाव एकदम आपलं वाटलं.

आणि या सगळ्यात त्यांच्या आवडीचं ठिकाण म्हणजे डोरीनचं दुकान. पाव, दूध, वर्तमानपत्रं, गरम बटाट्याचे काप असं सगळं ठेवणारं गावातलं एकमेव दुकान. मालकीण डोरीन, म्हातारी बाई. प्रज्ञा येताना दिसली की ती दारात येऊन उभी राहते आणि प्रज्ञा पुढच्या वळणाआड जाईपर्यंत तिथून हलत नाही. गजभिये हे सोसायटीतल्या प्रत्येकाला सांगून चुकलेत. वॉचमनला तर दोनदा.

बी विंगमधला मंदार हिंजवडीला नोकरी करतो. कंपनीने त्याला तीन महिने सिडनीला पाठवलं होतं. परत आल्यावर तो पेढे वाटायला गजभियांकडे गेला, आणि पाऊण तासाने पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला.

"काकू, मी त्यांना म्हटलं, सिडनी फुल एक्सप्लोअर केलं. तर म्हणाले, मिरागुल्ल्याला गेला नाहीस? मी म्हटलं, काका, ते खूप लांब आहे, फ्लाइट पण नाहीये तिकडे. तर म्हणाले, मग ऑस्ट्रेलियात काय पाहिलंस तू?"

वार्षिक सभेतही तेच. टँकरवरून एका विंगेने दुसऱ्या विंगेवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली होती. गजभिये उठले. म्हणाले, "मिरागुल्ल्यात प्रत्येक घराच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत जातं. भांडण नाही. नोंद घ्यावी." मी इतिवृत्तात नोंद घेतली. आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात मिरागुल्ल्याचा उल्लेख आतापर्यंत सात वेळा आलाय. ऑक्टोबरात तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात म्हणून गजभियांची फेरी साडेबारावर येते, तेही मी फळ्यावर लिहिते. कुणी विचारत नाही. लिहिते आपली.

यंदाच्या मेमध्ये गजभियांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते वार्तापत्र वाचून वाचून डोळे गेले, असं माझं मत. डॉक्टरांनी दुपारी एकची वेळ दिली. गजभियांनी सकाळची मागितली, संध्याकाळची मागितली, एवढंच काय, दुसरा डॉक्टर मागितला. जमलं नाही. आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि टेबलावर आपला मोबाईल ठेवला.

"उद्या प्रज्ञाला तुम्ही पोहोचवा, ताई."

"मी? अहो, सांगा ना तिला सरळ, की ऑपरेशन आहे, उद्या बोलता येणार नाही."

"सांगितलं तर ती घाबरते. न बोलता एकटी चालली तर मी घाबरतो. टेबलावर पडल्या पडल्या मान हलली तर डोळा जाईल माझा." त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "तक्ता केलाय. कारखान्यात असाच असायचा. जसजसं ठिकाण येईल तसतसं वाचायचं. तपासून घेतलंय मी. आणि बाबा पेन्शनच्या कामाला गेलेत, आत मोबाईल नेऊ देत नाहीत, असं सांगायचं."

"म्हणजे मी खोटं बोलायचं."

"हाव," ते म्हणाले. "थोडंसंच."

दुसऱ्या दिवशी मंदार रजा टाकून त्यांना गाडीतून घेऊन गेला. दीडला दहा कमी असताना मी पंख्याखाली मोबाईल घेऊन बसले. पहिलीच रिंग आली आणि आवाज तुटायला लागला. घरात रेंज नाही हे त्यांनी अर्जात लिहिलंच होतं, ती माझ्याही घरात नव्हती. मी चपला घातल्या, दाराशी दिसली ती छत्री उचलली आणि भर उन्हात पार्किंगमध्ये उतरले. वरच्या मजल्यावरून दोघीतिघींनी पडदे बाजूला केले, ते मला दिसलं. बघा म्हटलं.

"बाबा, निघाले," पलीकडून आवाज आला.

"बाबा नाहीत, मी सेक्रेटरीकाकू."

"बाबांना काय झालं?"

"काही झालं नाही. पेन्शनच्या कामाला गेलेत. आत मोबाईल नेऊ देत नाहीत." तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, त्या बाईच्या तोंडून हे इतकं सफाईने निघालं की माझं मलाच नवल वाटलं. "तुला पोहोचवायचं काम माझ्याकडे आहे. चल."

मी कागद उघडला. रकाने आखलेले. ठिकाण, काय विचारावे, शेरा. पहिलं, वृद्धाश्रमाचं फाटक. "स्वेटर घातला का विचारावे. घातला म्हणते. पुन्हा विचारावे." मी पुन्हा विचारलं. ती थांबली, पिशवी उघडल्याचा आवाज आला, आणि म्हणाली, "घातला." दुसरं, पोस्ट. "कोणाचं पत्र आलं का? (येत नाही. तरी विचारावे.)" तिसरं, जुना तुरुंग. "आत कोणी आहे का विचारावे. (विनोद. ती हसते.)"

मी वर्गातल्या आवाजात विचारलं, "तुरुंगात कोणी आहे का?"

ती खरंच हसली. मग म्हणाली, "बाबांनी लिहून दिलंय ना तुम्हाला?" मी लगेच पुढचं ठिकाण विचारलं. सभागृह गेलं, तिथे आज कुणाच्या तरी वाढदिवसाची तयारी चालली होती, फुगे दिसत होते म्हणाली. मीही एव्हाना चालायला लागले होते. कधी लागले ते कळलं नाही.

पुढची नोंद पाचवी. ती मी आधी वाचून ठेवायला हवी होती. प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा म्हणून आयुष्यभर ओरडले, आणि स्वतः मात्र एकेक ओळ वाचत चालले होते.

"५. डोरीनचे दुकान. दुकान बंद आहे. म्हातारी मुलाकडे राहायला गेली. वार्तापत्रात आले होते. प्रज्ञा मला सांगत नाही, मी काळजी करीन म्हणून. मला माहीत आहे हे तिला कळू देऊ नये. म्हातारीची चौकशी करावी. येथून प्रज्ञाच्या घरापर्यंत दिवे नाहीत. येथे गप्प बसू नये."

माझे पाय मीटरच्या खोलीपाशी थांबले. उन्हात कागद डोळ्यांपुढे चमकत होता. मी दोनदा वाचला. पलीकडे प्रज्ञाची पावलं भरभर पडत होती, तेवढीच ऐकू येत होती.

विचारायलाच हवं होतं. मी विचारलं, "डोरीनआजी आहेत का दारात?"

ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्हाला म्हणून सांगते. दुकान बंद झालंय. हा दुसरा हिवाळा. आजी गेल्या इथून. बाबा त्या वार्तापत्रातलं इतिहासाचं तेवढं वाचतात, बाकीचं नाही वाचत, म्हणून त्यांना कळलं नाहीये. त्यांना वाटतं, इथे कोणीतरी उभं राहून मला बघतंय. तेवढ्यावर त्यांना रात्री झोप लागते. प्लीज, तुम्ही सांगू नका त्यांना."

माझ्या हातात तो कागद. गजभियांचं ते टोकदार, सरळ अक्षर. बोलायला तर हवंच होतं.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"आता इथून जरा अंधार आहे," ती म्हणाली. "बाबा इथे खूप बोलतात. तुम्ही पण बोला ना काहीतरी. काहीही चालेल."

मला एकच विषय येतो. मी दख्खनच्या पठारापासून सुरुवात केली. काळी माती कशी झाली, ते सांगितलं. मान्सून कुठून येतो, ते सांगितलं. ती मध्ये "हं" म्हणत होती आणि ते "हं" ऐकू आलं की मला हायसं वाटत होतं. मान्सून संपला तेव्हा मी टँकरवर आले, वार्षिक सभेत कोण काय म्हणालं ते सगळं सांगितलं, मंदारचा सिडनीचा किस्सा सांगितला. लाकडी पुलावरून जाताना तिच्या बुटांचा आवाज बदलला, तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता आणि मी पार्किंगच्या चौथ्या फेरीत होते. कागदावर शेवटचं लिहिलं होतं, "कडी लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय फोन ठेवू नये." मी ठेवला नाही. किल्ल्या वाजल्या, दार लागलं आणि कडी खट्‌ करून बसली.

"पोहोचले, काकू," ती म्हणाली. "थँक्यू. बाबांना म्हणावं, स्वेटर घातला होता."

संध्याकाळी मंदारने गजभियांना हात धरून आणलं. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. ऑपरेशन छान झालं होतं. मी मोबाईल दिला. तक्ता परत करताना मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी तो घडी करून मोबाईलखाली ठेवला.

ते तो हातात धरून बसले. त्यांनी तो उलटा करूनही पाहिला नाही.

"डोरीन?" त्यांनी विचारलं.

"दारात उभी होती म्हणाली. वळणापर्यंत बघत होती."

"हाव," ते म्हणाले. "तसंच सांगते ती." त्यांनी चष्म्याखालून, उघड्या डोळ्याचं पाणी हळूच टिपलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तिथून पुढं अंधार होता का हो फार?"

"मी बोलत होते," मी म्हटलं. "सगळा वेळ बोलत होते."